सेन्सेईंच्या आईचा मुकुट

माझं नाक तिखट आणि जीभ त्याहून तिखट, असं माझ्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. ओसाकाला आल्यापासून जिभेला फारसं काम उरलं नाही, कारण माझं जपानी भांडण्याइतकं अजून पक्कं झालेलं नाही. नाक मात्र रोज राबतं. दुधाचा, गटाराचा, शेजारच्यांच्या माशाचा, सगळे वास मला आधी येतात. आणि जेव्हा त्या नाकाची खरी गरज होती, तेव्हा त्याने मला साफ फसवलं.

माझी लेक आठ वर्षांची. बॅलेच्या क्लासला जाते. सेन्सेईंनी, म्हणजे तिच्या बाईंनी, ऐंशी कधीच ओलांडली आहे. स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर शिकवतात, हातात काठी घेऊन. ऑक्टोबरात त्यांच्या क्लासचा कार्यक्रम असतो. दरवर्षी माझी लेक शेवटच्या रांगेत. कधी झाड, कधी ढग. "पुढच्या वर्षी हं," म्हणून मी तिची समजूत काढायची आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडायची. यंदा शंभर वर्षांपूर्वीचा बॅले करायचा होता. सैल झगे, बारीक चुण्या, कपाळावर आडवा दागिना. आणि मधे उभं राहायला सेन्सेईंनी चक्क माझ्या लेकीला निवडलं. तिने रस्त्यात उड्या मारल्या. मीही मारल्या असत्या, पण हातात दुधाच्या पिशव्या होत्या.

मधल्या मुलीला सेन्सेईंच्या आईचा मुकुट मिळतो. मुकुट म्हणजे रुंद हेअरबँडच, मधाच्या रंगाचा, जाळीदार, त्यात काचेचे खडे. सेन्सेईंच्या आईने तो नाचताना घातला, मग कापलेल्या केसांवर घालून ती बाजारातही हिंडली. तेव्हा नाचणारीने आज जे कपाळाला बांधलं ते महिन्याभरात शहरातल्या हौशी बायकांच्या कपाळावर दिसायचं, असं सेन्सेई सांगतात. क्लासच्या भिंतीवर तिचा फोटो आहे. पोरगेलीशी बाई, कमरेखाली घसरलेला फ्रॉक, कपाळावर हाच मुकुट. हसत नाही. मला तो फोटो कधीच आवडला नाही, का ते विचारू नका.

मान ताठ राहावी म्हणून ज्या मुलीला मुकुट मिळतो तिने तो घरी नेऊन रोज थोडा वेळ घालायचा, हा सेन्सेईंचा नियम. सेन्सेईंनी मुकुटाची पेटी उघडली आणि माझा जीव सुखावला. कापूर! इतक्या लांब, परक्या घरात, थेट आमच्या देवघरातला वास. मी म्हटलं, "किती छान जपलंय तुम्ही. कापूर घालून ठेवता ना?"

सेन्सेईंनी मान हलवली. "मी यात कधीच काही घालत नाही," त्या म्हणाल्या. "तो वास आईचा आहे."

मी हसले. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर वास वाढत गेला. पेटी कपाटात ठेवली तर कपाट, कपाटातल्या साड्या, सगळं कापरासारखं. त्यात सप्टेंबर, ओसाकाचा उकाडा, भिंतींनाही घाम फुटावा असा. मुकुट हाताला चिकट लागायला लागला. पुसला की दुसऱ्या दिवशी परत चिकट. लेकीच्या आकड्याच्या पिना मी त्या पेटीत ठेवल्या होत्या, त्या नव्याकोऱ्या पिना गंजल्या. मग कापरामागून आणखी एक वास यायला लागला, आंबट, नाकाला झोंबणारा. लेकीच्या कपाळावर लाल पट्टा उठला. "काढ ते," मी म्हटलं, तर "दाइजोबु, ममा," म्हणजे काही होत नाही, म्हणून ती आरशासमोर मान ताठ करून उभी. मी माघार घेतली. चार वर्षं ढग झालेल्या पोरीच्या डोक्यावरून मुकुट कसा उतरवायचा?

गणपतीला सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना तो वास म्हणजे पर्वणीच. "बघ, नाचाचा दागिनासुद्धा देवाधर्माचा आहे," म्हणाल्या. आरतीच्या वेळी आम्ही बाल्कनीचं दार उघडं ठेवतो, नाहीतर धुराचा अलार्म बोंबलतो आणि खालचे आजोबा वर येतात. संध्याकाळी आरती झाली, सासूबाईंनी कापूर लावला, तबक फिरवलं. आणि लेक आतून आली ती मुकुट घालून. आजीनेच सांगितलं होतं, बाप्पाला दाखव म्हणून.

आरती घ्यायची तिची एक पद्धत आहे. ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावण्यावर तिचं भागत नाही. ऊब लागेपर्यंत ती तोंडच खाली नेते. ती वाकली. मुकुटाच्या कडेचा नखाएवढा तुकडा सुटला आणि तबकात पडला.

फर्रकन जाळ उठला. कापराची ज्योत काय ती बोटभर, हा जाळ तिच्या हनुवटीपर्यंत. क्षणभरच. मी तिला मागून फ्रॉकला धरून अशी ओढली की दोघी सोफ्यावर आपटलो. तबक उडालं, कुंकू सगळीकडे. मी तिच्या डोक्यावरून मुकुट ओरबाडून काढला आणि बाल्कनीत भिरकावला. तिच्या कपाळावरच्या केसांची टोकं कुरळी झाली होती आणि जळक्या केसांचा वास सुटला होता. ती रडत होती, पण भाजलं म्हणून नाही. "मोडला असेल! आई, तो मोडला असेल!"

"बाई गं, आरतीच्या वेळी हा काय आक्रस्ताळेपणा," सासूबाई म्हणाल्या.

"आक्रस्ताळेपणा? तुमच्या नातीचं तोंड जाता जाता राहिलं!" इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर असा आवाज चढवला नव्हता. त्यांनी तबक उचललं. पितळेवर काळा डाग पडला होता. मग त्यांनी लेकीला जवळ ओढलं.

नवरा इथल्या विद्यापीठात प्लॅस्टिकवरच संशोधन करतो. त्याने बाल्कनीत जाऊन मुकुट उलटसुलट पाहिला, वास घेतला आणि उतरलेल्या चेहऱ्याने आत आला. "सेल्युलॉइड आहे. हे बनवतानाच यात कापूर घालतात. जुनं झालं की तो बाहेर पडतो. हे आतून कुजलंय गं. अशा वस्तूला ठिणगी पुरते."

सकाळी मी सेन्सेईंकडे गेले. मुकुट ओल्या फडक्यात गुंडाळून नेला होता. माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं, लेकीचे जळलेले केस फोनवर दाखवले. त्यांनी फडकं उलगडलं, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"माहीत आहे मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "आईच्या कानामागे भाजल्याचा डाग होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

"मग तुम्ही मुलींच्या डोक्यावर हे—"

"आता विस्तव कुठे असतो?" त्या म्हणाल्या. "स्टेजवर दिवे विजेचे. घरात शेगड्या विजेच्या. इतकी वर्षं मुली घालतायत, कुणाला काही झालं नाही. तुमच्या घरात लहान मुलं विस्तवावर तोंड धरतात, हे मला कसं कळणार?" आणि त्यांनी वाकून माझी माफी मागितली, अगदी रीतसर. "तुमच्याकडे अडचण आहे. मी दुसऱ्या मुलीला देते."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! म्हणजे दोष मुकुटाचा नाही, आमच्या आरतीचा. मराठीत मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं आणि मुकुट पेटीत ठेवून दिला. मी पेटी हिसकावून घ्यायला हवी होती असं नवरा म्हणतो. दुसऱ्याच्या आईची वस्तू कशी हिसकावणार, हे तो सांगत नाही.

त्या शनिवारी लेकीला क्लासला पाठवलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मुकुट कुणाला मिळाला ते तिला मैत्रिणीकडून कळलंच. शेजारच्या गल्लीतली मुलगी, पहिल्या वर्षापासून हिच्याबरोबरची. तिच्या आईशी माझी बऱ्यापैकी ओळख. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा ते तिनेच मला शिकवलं. मी लगेच फोन लावला. सेल्युलॉइड, जाळ, केस, सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

"काळजीबद्दल खूप आभार," ती म्हणाली. "सेन्सेईंनी आधीच सांगितलंय. पण आमच्याकडे सगळं विजेवर आहे हो. उदबत्तीसुद्धा लावत नाही आम्ही." आवाजात इतका गोडवा की मीच उलट आभार मानले. मी फोन ठेवला. आपण सांगायचं काम केलं, आता त्यांचं ते बघतील, असं मनाशी म्हणाले आणि कणीक मळायला घेतली.

लेक उठून स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले. "आई, उद्या तिचा वाढदिवस आहे," ती म्हणाली. "सगळ्या जणी जाणार आहेत. ती मुकुट घालूनच केक कापणार आहे."

"बरं," मी म्हटलं.

"आधी मेणबत्त्या विझवणार."

मी कणकेच्या हातानेच फोन उचलला. बेल वाजत राहिली, वाजत राहिली. कुणी उचलेना. मी लेकीला म्हटलं, चप्पल घाल, आणि आम्ही दोघी तशाच निघालो.