विहिरीवरच्या निळ्या पाकळ्या
ओल्या मातीचा वास आला की इंग्लंडमधल्या डर्बीशायरचं ते गाव आठवतं. उन्हाळ्यात नागपूरहून आलेले बाबा आणि मी चुनखडीच्या टेकड्यांमधून चार दिवस चालत होतो. त्या गावात विहीर सजवण्याचा सण होता. बायका फळीवर थापलेल्या चिकणमातीत फुलांच्या पाकळ्या दाबून विहिरीवर उभं करायचं चित्र करत होत्या. एका म्हाताऱ्या बाईंनी पाकळ्या पुढे करताच बाबा मागे सरकले. "मी हात लावला तर चालेल का, विचार त्यांना." त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या माणसांना शिवू देत नसत. मी विचारलं. "का नाही चालणार?" बाईंना प्रश्नच कळला नाही. बाबा गुडघ्यांवर बसले आणि दुपारभर निळ्या पाकळ्या लावत राहिले. शेवटी विहिरीशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. आता तो फोटो पाहून माझी मुलगी विचारते, "आजोबा इतके स्ट्रेट का उभे आहेत?" आणि सुरुवात कुठून करावी, ते मला कळत नाही.