चार बोटांची फट

घोलवडच्या चिकूवाड्यांमध्ये कॅराव्हॅन आणणारा मी पहिलाच शहाणा. समुद्र दहा मिनिटांवर, घराला चार खोल्या, तरी चाकांवरचं घर जीपमागे ओढत जव्हारला जायची हौस! सोबत वजन वाटून देणारी खास जोडणीही घेतली. स्प्रिंगच्या दोन जाड दांड्या, त्या साखळ्यांनी ताणायच्या, म्हणजे कॅराव्हॅनचा सगळा भार जीपच्या मागच्या चाकांवर न बसता थोडा पुढच्यांवर जातो. तीन व्हिडिओ पाहिले होते मी. इंजिनिअरच झालो होतो म्हणा ना.

वळणावर त्या दांड्या करकरायच्या. डोकं उठलं, म्हणून साखळ्या दोन-दोन कड्या सैल केल्या. करकर बंद. काय अक्कल चालवली!

निघताना बाबांनी पुढच्या टायरवरच्या फटीत बोटं घालून काहीतरी मोजलं. "पुढून उचललीय रे," म्हणाले. पंचवीस वर्षं त्यांनी कासाहून आसपासच्या पाड्यांवर शेअरची जीप चालवली होती. पण महिन्यापूर्वी त्यांनी आमच्या फाटकाला गाडी घासली आणि मी चावी काढून घेतली. तेव्हापासून घरात रोज एकच भांडण, 'माझी चावी दे.'

"बाबा, ही तुमची कासाची जीप नाही. बसा मागे," मी म्हटलं. चिकूचे चार क्रेट जीपच्या डिकीत ठेवले, पाण्याचे कॅन कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाशी. सगळं कसं हाताशी!

कासा यायच्या आधी एका वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि जीप सरळच निघाली. समोर ट्रक. शेजारी बसलेली बायको किंचाळली. मागून बाबांचा आवाज आला, "ब्रेक नको! अ‍ॅक्सिलरेटर सोड, हळूहळू." जीप कशीबशी आमच्या बाजूला आली. मी ती कडेला थांबवली.

बाबा उतरून पुढच्या टायरपाशी गेले. "रिकाम्या जीपला इथे चार बोटं मावतात. घाल तुझी." माझी सहा मावली. "माझ्या जीपला मागे पोरं लटकली की मी दोन जाडजूड गिऱ्हाईकं पुढे घ्यायचो. नाहीतर स्टिअरिंग नुसतं शोभेला."

मग क्रेट आणि कॅन कॅराव्हॅनमध्ये, तिच्या चाकांच्या वर, मधोमध ठेवले. जॅक लावून साखळ्या पुन्हा दोन कड्या ताणल्या. जीपचं नाक खाली आलं. चार बोटं.

"आता परत करकरणार," मी म्हटलं.

"करकरू दे. म्हणजे काम करतायत."

लाज वाटली मला, खरंच. मी चावी त्यांच्यापुढे धरली. "बाबा, तुम्हीच चालवा."

त्यांनी ती घेतली नाही. "नको. समोरून येणारा एक ट्रक मला कधीकधी दोन दिसतो. फाटकही त्यामुळेच घासलं."

"अहो, मग महिनाभर भांडलात कशाला? आधी सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठे? सरळ चावीच घेतलीस."

बायको मागे जाऊन बसली. बाबा माझ्या शेजारी आले. पहिल्याच वळणावर दांड्या करकरल्या.

"कधीपासून असं दिसतंय, बाबा?" मी विचारलं. ते सांगायला लागले.