आधी मेंढरं

भर दुपारी फाट्यावरच्या कडुलिंबाखाली मी एसटीची वाट बघत होते. मागच्या माळावर मेंढरं राखणारी एक बाई आपल्या कुत्र्याला हाका मारत होती. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकत होता, पण मेंढरांभोवतीच्या चकरा काही सोडत नव्हता. शेवटी बाईने त्याला उचलून सावलीत आणलं, ताटलीत पाणी ओतलं. चार घोट पिऊन तो पुन्हा उन्हात पळाला.

"बांधून ठेवा की त्याला," मी म्हणाले.

"बांधला तर हिसके देऊन देऊन मरंल. पळायचं ते सकाळी, न्हाईतर दिस कलल्यावर. आत्ता न्हाई म्हंजे न्हाई!"

पदर खोचून ती निघाली. हाळी देत तिने अख्खा कळप वळवला आणि झाडाखाली आणला. सगळी मेंढरं टेकली, तेव्हा कुठे कुत्रा ताटलीशी येऊन आडवा झाला.

मला धाकट्या बहिणीची आठवण झाली. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं ती एकटी करते. मी रोज फोनवर सांगते, "जरा पड गं." असं नुसतं सांगून कोणी पडतं का? ज्याचा जीव ज्यात अडकलाय, त्याला विसावा द्यायचा तर आधी ते सावलीला न्यावं लागतं.

माझी एसटी आली. मी ती जाऊ दिली. रस्ता ओलांडला आणि बहिणीच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिले. त्या बाजूला झाड नव्हतं.