पिल्लांचं विरजण

आमच्या ह्यांचं मराठीवर फार प्रेम. त्या प्रेमापायी एकदा माझी एकुलती एक शेजारीण हातची जायची वेळ आली होती.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. ह्यांना बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून बिऱ्हाड हलवलं. दिवसभर कारखान्यात इंग्रजी आणि मोडकंतोडकं हिंदी, बाजारात नुसते हातवारे. त्यामुळे घराचा उंबरठा ओलांडला की ह्यांचा मराठी बाणा उफाळून यायचा. घरात 'स्विच' म्हटलेलं चालायचं नाही, 'कळ' म्हणायचं. मी एकदा 'टेबल पुसते' म्हणाले, तर चहा गार होईपर्यंत व्याख्यान ऐकावं लागलं. टेबल शेवटी ह्यांनीच पुसलं, रागारागाने.

अशा माणसाला माशांचा नाद लागला. कारखान्यातल्या कुणीतरी लढाऊ माशांची एक जोडी दिली. नर निळाजांभळा, झुपकेदार शेपटीचा आणि स्वभावाने अगदी ह्यांच्यासारखा, म्हणजे आरशात स्वतःला बघून फुगणारा. त्या जोडीला यथावकाश पिल्लं झाली. पिल्लं कसली, पाण्यात तरंगणारे स्वल्पविरामच ते. त्यांना कोरडं खाणं चालत नाही, तोंडात मावेल असं जिवंत काहीतरी लागतं, असं ह्यांच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं. आधी ह्यांनी कोबीची पानं बरणीत कुजवून त्यातले अदृश्य जीव पिल्लांना पाजले. ते जीव मला कधी दिसले नाहीत, वास मात्र शेजारच्या गल्लीपर्यंत पोचला. मग पुढची पायरी म्हणून ह्यांनी किडे पाळले.

पांढरे, केसाहून बारीक, कापलेल्या नखाच्या टोकाएवढे किडे. ओटची घट्ट पेज करायची, गार झाली की कोपऱ्यावरच्या बेकरीतलं चिमूटभर यीस्ट घालायचं आणि मित्राकडून आणलेले चमचाभर किडे त्यात सोडून वर फडकं बांधायचं. एक-दोन दिवसांत पेज आंबते, किडे बेसुमार वाढतात आणि भांड्याच्या कडेने वर चढतात. ते बोटाने निपटून पाण्यात झटकले की पिल्लं तुटून पडतात. या सगळ्या प्रकाराला पुस्तकात 'कल्चर' म्हटलं होतं. आता घरात कल्चर कसं चालणार? ह्यांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि जाहीर केलं, "विरजण! चमचाभर घालायचं आणि भांडंभर करायचं. याहून चपखल शब्द नाही."

विरजणासाठी ह्यांनी माझ्या रुखवतातला निळ्या फुलांचा वाडगा पळवला. बंगळूरच्या थंडीत किडे गारठतील म्हणून मी ह्यांच्यासाठी विणलेला स्वेटर ह्यांनी वाडग्याला गुंडाळला. स्वतः हे कुडकुडत कारखान्यात जायचे. पुढे त्या वाडग्यातून एकाचे दोन झाले. दुसरं विरजण एका पितळी पातेल्यात मुक्कामाला आलं आणि माझ्या दह्याच्या मडक्याशेजारी फळीवर जाऊन बसलं. मी म्हटलं, "एक दिवस घोटाळा होणार." हे म्हणाले, "तू अडाण्यासारखं बोलू नकोस. मला दोन्ही ओळखता येतात."

दोन्ही ओळखता येत होती, हे खरंच होतं. घोटाळा वेगळ्याच दाराने आला.

आमच्या शेजारी अक्का राहायच्या. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले ते इकडचेच झाले. मराठी मात्र त्यांनी सोडली नव्हती. तिच्यात कानडीचं मिश्रण असायचं आणि आमच्या ह्यांना ते ऐकवायचं नाही. फक्त अक्कांच्या 'स्वल्प'ला, म्हणजे 'थोडं'ला, माफी होती, कारण तो संस्कृतातला. मला त्या 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. त्या गल्लीत, खरं तर त्या अख्ख्या गावात, मी ज्या एका बाईशी पोटभर बोलू शकत होते ती बाई म्हणजे अक्का. दूधवाल्याला काय म्हणायचं, भाजीवाल्याला कसं झापायचं, पाऊस येणार हे कुठल्या वाऱ्यावरून ओळखायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांचं दही थंडीत हमखास बिघडायचं. मग दिवेलागणीच्या आधी त्या माझ्याकडे विरजण मागायला यायच्या आणि चमचाभर विरजणासाठी तासभर बसायच्या. दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत की मागत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलेलं. आणि कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून माझी वाटी दुसऱ्या दिवशी चटणी नाहीतर लोणचं घेऊन यायची. सगळ्या दिवसात मी त्या एका तासाची वाट बघत असे.

त्या दिवशी मी भाजी आणायला गेले होते. परतले तर दिवे लागलेले, आणि हे दारात उभे. चेहऱ्यावर असा आनंद की मला वाटलं बढतीच मिळाली.

"अक्का आल्या होत्या," हे म्हणाले. "विरजण घेऊन गेल्या."

"बरं."

"बरं काय? इतके दिवस मी त्यांना माशांबद्दल सांगतोय, शेवटी पटलं त्यांना! भरलेला वाडगाच दिला मी."

माझ्या हातातली पिशवी खाली गेली. कांदे गडगडत पलंगाखाली पोचले.

"मी म्हटलं, अक्का, उबदार जागी ठेवा," हे रंगात येऊन सांगू लागले. "त्या म्हणाल्या, 'ते काय मला शिकवता, अण्णा?' मी म्हटलं, सारखं हलवू नका. म्हणाल्या, 'हलवलं की बिघडतंय.' बघ, पुस्तक न वाचता केवढी जाण! मी म्हटलं, वर चढेल ते बोटाने अलगद काढा. तर म्हणाल्या, 'आमच्या सुनेला तेच लई आवडतंय.' मला जरा नवल वाटलं. पण म्हटलं, सून काढून देत असेल पिल्लांना."

"अहो, कुठल्या पिल्लांना? त्यांच्याकडे मासे आहेत का?"

हे थांबले. इंजिनिअर माणूस, गणित सुटायला वेळ लागला नाही. पण हार मानतील तर शपथ. म्हणाले, "मग त्यांनी 'दह्याचं विरजण' असं स्पष्ट म्हणायला हवं होतं."

मी तशीच धावत अंगणापर्यंत गेले. समोर अक्कांच्या देवापुढे समई लागली होती. आता विरजण परत मागणं म्हणजे त्यांच्या नियमावर पाय देणं. आणि मागून सांगायचं काय? सोवळ्याने स्वयंपाक करणाऱ्या, देवाला रोज दह्याचा नैवेद्य दाखवणाऱ्या बाईला सांगायचं की तुम्ही दुधात किडे घातलेत आणि ते आमच्या घरून आले? मी परत फिरले आणि ह्यांच्याशी अबोला धरला. तो फार टिकला नाही, कारण भांडायला बोलावं लागतं.

सकाळी गेले तर अक्का दारातच उभ्या. रोज 'ये की आत' म्हणणाऱ्या, पण त्या दिवशी चौकटीला हात लावून आडव्या उभ्या राहिल्या.

"अक्का, माझा वाडगा..."

"इरली, इरली. राहू दे की. देते मग."

"मी दुसरं विरजण आणलंय, ताजं."

"बेडा, बेडा! नको," त्या इतक्या घाईने म्हणाल्या की मी आणलेली वाटी पदराआड केली. "लई हाय आमच्याकडं."

त्या संध्याकाळी अक्का आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी फळीवरचं दह्याचं मडकं पुढे काढून ठेवायची, दार उघडं टाकायची आणि उगीच गहू निवडत बसायची. तेव्हा मी रडले, आणि ते कांद्यावर ढकललं. हे सगळीकडे 'स्विच' म्हणू लागले, एवढं त्यांनाही वाईट वाटलं होतं.

मग एका दुपारी अक्का आल्या. हातात झाकलेलं पातेलं, पण आमचा वाडगा नव्हे, त्यांचंच भांडं. आत दहीभात. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, वर डाळिंबाचे दाणे. 'खा की,' म्हणून त्या समोर उभ्या राहिल्या, हलेनात.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे चमचा खिडकीकडे धरून उजेडात निरखू लागले. मी भातातल्या मोहऱ्या बघत होते, त्यातली एखादी हलते का म्हणून. ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, "काही अपाय नसतो. पौष्टिक असतात." त्याने मला जो काही धीर यायचा तो आला. आम्ही डोळे मिटून खाल्लं. चव उत्तम होती, आणि तेच भयंकर होतं. अक्का आमची तोंडं बघत होत्या. भात संपल्यावर नुसतं 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाल्या आणि निघून गेल्या. विरजणाचा विषय नाही, वाडग्याचा नाही.

एवढ्यावर भागलं नाही. पातेल्यातल्या विरजणाला ह्यांनी लाडाने जास्तीची पेज घातली आणि ते नासलं. वर काळी बुरशी, आत एकही किडा जिवंत नाही. मित्राकडचं आधीच संपलं होतं. पिल्लं आता शेपटी फुटण्याच्या बेतात होती आणि त्यांची पोटं आत जाऊ लागली. हे भिंग घेऊन काचेसमोर बसले. जेवायला उठेनात.

"आता विरजण फक्त अक्कांकडे," हे म्हणाले. "असलंच तर."

म्हणजे मागायचं, तर ते काय होतं हे सांगायचं. न सांगावं, तर पिल्लं जाणार. सांगावं, तर अक्का जाणार. खरं तर गेल्याच होत्या, फक्त तोंडाने म्हणाल्या नव्हत्या. मला त्या बशीभर स्वल्पविरामांसाठी माझी शेजारीण घालवायची नव्हती. पण हे भिंगातून वर बघेनात आणि त्यांचे कान लाल झाले होते. लग्नानंतर मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच, तेही माशांसाठी.

"चला," मी म्हटलं. "पण तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

अक्कांनी दार उघडलं. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि भडाभडा बोलले. ते विरजण नव्हे, किडे आहेत, माशांचे, हे शब्दावरून घोटाळा करतात, तुमचा नैवेद्य बाटला असेल, शिव्या द्या पण बोला. मागून हे म्हणाले, "विरजण हा शब्द मात्र बरोबर..." आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला.

अक्का तशाच वळल्या. आत गेल्या आणि परसातून माझा वाडगा घेऊन आल्या. वर स्वच्छ फडकं बांधलेलं. सोडून बघते तर आत नाचणीची अंबील, आणि तिची साय नुसती थरथरत होती. कडेने इतके किडे चढले होते की निळी फुलं दिसत नव्हती.

"पहिल्या दिवशी चमचाभर दुधात घातलं," अक्का म्हणाल्या. "सकाळी झाकण काढलं, तर दही शेपट्या हलवत माझ्याकडंच बघतंय! अय्यो देवा, म्हटलं, पुण्याकडं असंच असतंय काय की. दूध केळीच्या बुडात ओतलं. पण शेजारणीचं विरजण कसं टाकायचं? आणि जीव हाय त्यात. उपाशी कसा ठेवायचा? घातली अंबील. वाढायलाच लागलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तू नवी. तुमच्याकडची रीत असली तर तुला वाईट वाटेल. परत मागायला आले, तर अण्णा परत वाडगाभर देतील, म्हणून यायचं सोडलं. मग दहीभात करून आणला, चांगलं दही घालून. बघावं म्हटलं, तुम्ही कसं खाता. तुमची तोंडं बघितली आणि कळलं, ही रीत नव्हे." त्या हसत होत्या, पण पदराने डोळे पुसत होत्या. "घरात मुलगा-सून कानडीच बोलतात, तंगी. तू रागावून गेलीस, तर माझी मराठी मी कुणाला ऐकवू?"

मला वाटत होतं, त्या गल्लीत एकटी मीच आहे. मी वाडगा हातात घेऊन उभी राहिले आणि मला काही सुचेना. ह्यांना मात्र सुचलं. त्यांनी वाकून अक्कांना नमस्कार केला आणि वाडगा घेऊन पिल्लांकडे पळाले.

पिल्लं जगली. तासाभरात त्यांची पोटं गोल झाली आणि हे परत 'कळ' म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या जरा आधी दारात पावलं वाजली. अक्का वाटी पुढे करून उभ्या होत्या.

"तंगी," त्या म्हणाल्या, "स्वल्प विरजण दे. बिनशेपटीचं."