गाळून भरलेली सरकारी बाटली

वीस अंश हा आकडा ज्या कुणी आमच्या पुस्तिकेत घातला, त्याने मे महिन्यातलं सोलापूर पाहिलेलं नाही, आणि पाहायची गरजही त्याला वाटलेली नाही. आमच्या कचेरीत एवढे किस्से साठले, त्यातले निम्मे या अनोळखी माणसाच्या कृपेने.

आणीबाणी नुकतीच उठली होती. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी पाणी तपासणीच्या कचेरीत लागले. राज्याचे नियम दिल्लीच्या नव्या कायद्याशी जुळवायचं काम चालू होतं. दिल्लीचे आकडे विलायतेशी आधीच जुळलेले होते. कचेरीत आम्ही तिघं: कुलकर्णीसाहेब, शिपाई मल्लप्पा आणि मी. मला ध्यास एकच. पूर्व भागातल्या एका गल्लीतली विहीर नरसय्याच्या सूत रंगवायच्या कारखान्यामुळे लाल झाली होती आणि गल्ली तेच पाणी वापरत होती. ते थांबवायचं.

*

पाण्याचा नमुना पाच दिवस वीस अंशांत ठेवायचा, असं पुस्तिकेत होतं. आमचा फ्रीज बंद. मल्लप्पाने कडुनिंबाखाली ओल्या वाळूत माठ पुरला आणि त्यात बाटली ठेवली. थर्मामीटर एकोणतीसच्या खाली येईना. मी वरच्या कचेरीला कडक पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं, "तपासणी हिवाळ्यात करावी."

*

फॉर्मात एक रकाना होता: 'सांडपाणी ज्या नदीस मिळते तिचा उन्हाळ्यातील प्रवाह.' नरसय्याचं पाणी ओढ्यात जायचं आणि तिथून विहिरीत मुरायचं. साहेब ओढ्याकाठी उभे राहिले. त्या लाल पाण्याखेरीज ओढ्यात दुसरा थेंब नव्हता.

"प्रवाह आहे की," साहेब म्हणाले. "फक्त नरसय्याने सुट्टी घेतली की नदी आटते."

*

नरसय्या माणूस सरळ होता. म्हणाला, "बाई, लाल किती चालतंय ते सांगा, तेवढंच सोडतो."

मी पुस्तिका चाळली. गाळाला आकडा होता, तेलाला होता, आम्लाला होता. रंगाला नव्हता.

"म्हंजे रंग चालतोय," म्हणून त्याने मला चहा मागवला. मी रागारागाने तो प्याले.

*

राहिला गाळ. नियमाप्रमाणे एकाच पाण्याचे दोन भाग करायचे, एक सीलबंद बाटली आमची, एक मालकाची. मी पंचनामा लिहीत होते आणि बाटल्या मल्लप्पा भरत होता.

अहवाल आला: गाळ मर्यादेत. दोन दिवस मी अहवालातले आकडे पुन्हा पुन्हा तपासले. तिसऱ्या दिवशी विचारलं, "मल्लप्पा, आपली बाटली भरली कशी तुम्ही?"

"चौपदरी धोतरानं गाळून की बाई. निस्ती दोरं आन् खळ हुती त्यात. सरकारी बाटलीत घाण कशी भरायची?"

"आणि नरसय्याची?"

"त्येची त्येला हाय तशी दिली. त्येचंच पानी हाय."

*

म्हणजे पंचनाम्यातलं खरं पाणी आता फक्त नरसय्याच्या घरात होतं. साहेब म्हणाले, "स्वतःविरुद्धचा पुरावा कोण हातात देईल? जाऊ नका."

मी गेले. बाटली देव्हाऱ्यात होती. लाखेच्या सीलवर कुंकू, शेजारी ताजं झेंडूचं फूल आणि तळाशी दोन बोटं गाळ.

"सरकारनं दिल्याली हाय, म्हून ठिवली," नरसय्याची म्हातारी आई म्हणाली. ती नुकतीच गल्लीतल्या त्याच विहिरीवरून पाणी भरून आली होती.

फसवून न्यायची नव्हती. मी सांगितलं, "आजी, ही नेली तर नरसय्याचा कारखाना बंद पडू शकतो."

"अम्मा, देऊ नको," नरसय्या दारातून म्हणाला.

म्हातारीने घागर खाली ठेवली. बाटलीवरचं कुंकू पदराने पुसलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"ने की, पोरी. कमी पडलं तर पुन्यांदा ये. हिरीत लई हाय."