आप्पांचे कान

वडिलांना बहिरं मीच केलं, तेही त्यांच्या कानाला हात न लावता.

आमचं घर बेंबळीत. पुढच्या खोलीत वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, मोटारी भरायचं दुकान होतं आणि मागच्या खोल्यांत आम्ही राहायचो. विहिरीवरची जळालेली मोटार कुणी आणली की आप्पा तिची जुनी तार, म्हणजे वायंडिंग, काढून नवी भरत. पण त्यांचं नाव होतं ते कानासाठी. चालू मोटारीवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, "वायंडिंग चांगलं हाय. मागचं बेअरिंग गेलंय." खोलून पाहिलं की मागचंच गेलेलं असायचं. आजूबाजूच्या गावांतली माणसं धाराशिवचं मोठं दुकान सोडून आमच्याकडं यायची ती एवढ्यासाठी.

मी धाराशिवला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे घरात यंत्रातलं मला एकट्याला कळतं असा माझा समज होता. एक जुना कॉम्प्युटर मी टीव्हीला जोडला, सिनेमांनी भरलेली हार्डडिस्क लावली आणि टीव्हीच्या दोन्ही बाजूंना दोन स्पीकर ठेवले. स्पीकर किती, असं कॉम्प्युटरनं विचारलं तेव्हा मी सहा निवडले. सहाचा संच पुढं घ्यायचाच होता. तो काही आला नाही आणि सेटिंग तशीच राहिली.

मी स्वतः बिनतारी हेडफोन घालून बघायचो, घरातली कटकट कानावर नको म्हणून. बायको मोबाइलवर बघायची. स्पीकर उरले ते आप्पांना. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते एखादा सिनेमा लावून बसत.

एका संध्याकाळी मी शाळेतून आलो तर म्हणाले, "अरं, ह्यात माणसं बोलत न्हाईत. घोडं पळतंय ते ऐकू येतंय, ढोल ऐकू येतोय. बोलणं तेवढं येत न्हाय बघ."

मी हेडफोन चढवले. बोलणं स्वच्छ येत होतं.

"मला तर येतंय. तुमचे कान गेले, आप्पा."

"न्हाय रं. बातम्या येत्यात की ऐकू."

"बातम्यावाले ओरडत्यात, म्हणून येत्यात. म्हातारपणी आधी बोलणंच जातं." हे मी मोबाइलवर कुठंतरी अर्धवट पाहिलं होतं.

ते म्हणाले, "एकदा सोलापूरला दाखवून येऊ का?"

"कशाला? मला कळतंय की."

चार दिवसांत मी मोबाइलवरूनच कानाचं मशीन मागवलं. ते घातलं की ताट ठेवल्याच्या आवाजानं आप्पा दचकायचे. सिनेमातली माणसं मात्र गप्पच. तसं त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मग कान न्हाय, डोकंच गेलंय तुमचं." बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि भाकरी थापत राहिली.

त्याच दिवसांत माझ्या हेडफोननं डोकं उठवलं होतं. आवाज तुटक तुटक यायचा. मी राउटर हलवला, कॉम्प्युटर दहादा बंद करून चालू केला, सगळ्यांवर खेकसलो. एकदा आप्पा दुकानातून उठून दारात आले आणि म्हणाले, "ती डबी घुर्र कराय लागली की तू शिव्या द्याय लागतोस. तिला त्या बटनापासनं लांब ठिव की." डबी म्हणजे हार्डडिस्क, आणि बटन म्हणजे हेडफोनसाठी कॉम्प्युटरच्या मागं खोचलेलं नखाएवढं यंत्र. दोन्ही एकमेकांना खेटून होती. मी म्हणालो, "तुमच्या मोटारी तुम्ही बघा." ते गेल्यावर डबी हातभर लांब ठेवली. आवाज तुटायचा थांबला. मी कुणालाच काही बोललो नाही. आणि हार्डडिस्कची ती बारीक घरघर, जी मला शेजारी बसून ऐकू यायची नाही, ती या बहिऱ्या माणसानं भिंतीपलीकडून कशी ऐकली, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. शिकलेल्या माणसाचं डोकं ते.

पुढच्या रविवारी एक शेतकरी मोटार घेऊन आला. आप्पांनी मशीन काढून खिशात टाकलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. "पुढचं बेअरिंग घासतंय."

मी दारात उभा होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "पाव्हणं, त्यांना टीव्हीतली माणसं ऐकू येईनात, तुमचं बेअरिंग कुठनं ऐकू येतंय? धाराशिवला न्या."

शेतकरी हसला. माझं बोलणं खोटं पाडावं म्हणून तरी आप्पा काही बोलतील असं त्याला वाटलं असावं, कारण तो थोडा थांबला. आप्पा मूठ कानाशी तशीच धरून उभे होते. मग त्यानं मोटार पुन्हा गाडीत चढवली.

महिन्याभरानं तो मला स्टँडवर भेटला. धाराशिवच्या मिस्त्रीनं पुढचंच बेअरिंग बदललं, म्हणाला. अंदाज लागला असेल, असं म्हणून मी विषय बदलला. घरी सांगितलं नाही. तोवर गावात बहिरा मिस्त्री हे नाव रुळलं होतं आणि दुकानात कुणी येईनासं झालं होतं. एक दिवस आप्पांनी तार गुंडाळायचं यंत्र तुळजापूरच्या एका मिस्त्रीला देऊन टाकलं. "कान गेल्यावर लोकांच्या मोटारी कशाला नासवू?" एवढंच बोलले. दुकानाच्या खोलीत आता त्यांची खाट असते.

मग बायकोचा मोबाइल बिघडला. दुपारी ती टीव्हीसमोर बसली आणि मला हाक मारली, "अहो, ह्यात बोलणंच येईना. घोडंच पळतंय नुसतं."

मी पहिल्यांदाच हेडफोन न घालता तिथं उभा राहिलो. घोडं पळत होतं. माणसांचे ओठ हलत होते. सहा स्पीकर असतील तर सिनेमातलं बोलणं मधल्या स्पीकरकडं जातं, आणि मधला स्पीकर आमच्याकडं नव्हताच. हेडफोनला दोनच बाजू, म्हणून मला सगळं ऐकू यायचं; बातम्यांचा आवाजही दोनच बाजूंचा, म्हणून त्या आप्पांना ऐकू यायच्या. मी सहाचे दोन केले. माणसं बोलायला लागली.

बायको म्हणाली, "मामंजींना सांगा आत्ताच्या आत्ता."

"न्हाय सांगायचं. तूबी बोलायचं न्हाय."

मला लाज वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे मला राग आला, तोही त्यांचाच. एवढा स्वतःच्या कानावर विश्वास होता तर भांडले का नाहीत माझ्याशी?

संध्याकाळी आप्पा टीव्हीसमोर बसले, कानात मशीन. सिनेमातला बाप पोराला काहीतरी सांगत होता. आप्पा ताठ झाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मशीन लई चांगलं आणलंस रं. आता कळाय लागलंय."

मी ओरडून म्हणालो, "मग! रोज घालत जावा."

बायको उठून आत गेली.

आप्पा ते रोज घालतात. आम्हीही त्यांच्याशी रोज ओरडूनच बोलतो, सवय झाली आहे. परवा मात्र मी जेवताना बायकोला अगदी हळू म्हणालो, "पाणी दे गं." ती परसात होती. पुढच्या खोलीतून आप्पा तांब्या घेऊन आले. त्यांच्या कानात मशीन नव्हतं.

तांब्या माझ्यापुढं ठेवून ते उभे राहिले. मी जितक्या जोरात ओरडता येईल तितक्या जोरात ओरडलो, "तुम्हाला कुणी बोलावलं होतं?"