जावा काढायला किती दिवस?

आमच्या ऑफिसात कोडपेक्षा किस्सेच जास्त साचले, काय सांगू! कोड कोणी ना कोणी डिलीट करते, किस्सा मात्र रोज चहासोबत पुन्हा निघते.

पावर हाउसजवळ दोन खोल्यांचं ऑफिस. कारखान्यांसाठी शिफ्ट-ड्युटीचं सॉफ्टवेअर बनवतो. जुना कोड जावात, सेक्टर १० च्या मेश्रामकाकांचा. नवा कोड स्काला नावाच्या वेगळ्या भाषेत, फंक्शनल पद्धतीचा, सेक्टर २ च्या श्वेताचा. दोन्ही एकाच व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एकाच इंजिनावर, चालवायचे. अन् साहेबांनी सांगूनच ठेवलं होतं, "जावा निघालं, की काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं." काकांचं घर त्या एका पगारावर. मले तर काकांकडे पाहवत नसे.

*

श्वेतानं कामगारांची लिस्ट दिली. काकांच्या जावानं त्यात एक नाव टाकलं, अन् प्रोग्राम धाडकन बंद! तिच्या कोडमधली लिस्ट एकदा बनली की बदलतच नाही.

"कावून पोरी, लिस्ट देऊन राहिली अन् हात लावू देत नाही?"

"काका, कॉपी घ्या ना! फिर कॉपी में जो करना है करो!"

*

एकदा ड्युटीचे मेसेज कोणालेच गेले नाहीत. श्वेताचा कोड लेझी, कोणी उत्तर मागेपर्यंत काम करत नाही. जावानं मागितलंच नव्हतं!

काका जाम खुश. "मागितल्याशिवाय काम नाही? याले तर सरकारी नोकरी पाहिजे!"

*

लिस्टमध्ये माणूस सापडला नाही की काकांचं जावा 'नल' पाठवायचं, म्हणजे काहीच नाही. श्वेताचा कोड तिथंच कोसळायचा. मग तिनं प्रत्येक उत्तर डब्यात घातलं. नाव असलं तर भरलेला, नाही तर रिकामा.

काकांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. "चांगलं केलं पोरी. आमच्यात डबाच नव्हता. जेवायला बसल्यावर समजे!"

*

डेमो झाला. दोन्ही कोड छान मिळून चालले. साहेबांनी लगेच श्वेताला विचारलं, "आता हे जुनं जावा काढायला किती दिवस?"

काम आठ दिवसांचं. आम्हा सगळ्यांना ठाऊक.

श्वेता म्हणाली, "सहा महिने, साहेब."

साहेबांना शंका आली. ते काकांकडे वळले. "मेश्रामजी, तुम्ही कधी खोटं बोलत नाही. खरं सांगा."

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"पोरगी लहान आहे साहेब, घाईत सांगून राहिली. वर्ष धरा!"